मैनीच्या तोंडावरचा हात

अकोटात शहाण्या माणसांचा तुटवडा कधी पडला नाही. कापूस एखाद्या वर्षी कमी येतो, विहिरी दर उन्हाळ्यात तळाला जातात, पण सल्ला बाराही महिने मिळतो आणि तोही घरपोच. चतुराबाई अशा शहाण्यांना घशावरून ओळखायची. दाराशी कोणी खाकरलं की ती आतूनच म्हणायची, "या, बसा, शिकवा."

ती जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याच्यापुढे बायांची रांग दिवसभर उभी राहायची आणि त्याला कापूस भरवायची. सुटी होईपर्यंत बायांच्या केसांवर, भुवयांवर रुईचा थर बसलेला असे. पस्तिशीची चतुराबाई संध्याकाळी सत्तरीची दिसायची आणि तोंड धुतलं की परत पस्तिशीची व्हायची. नवरा शेंदूरजनाघाटकडे संत्र्याच्या बागेत कामाला गेला, तो तिकडेच रुजला. कोणी बाई त्यावरून हळहळू लागली की चतुराबाई नवऱ्याच्याच आवाजात, नाकातून ओढून सांगे, "येतो नं वं, एवढा बहार तुटू दे." बहार तुटून, पुन्हा फुलून, पुन्हा तुटून गेले होते. बाया पोट धरून हसत आणि हळहळणारी निमूट आपल्या जागी जाई.

नकला हा तिचा खरा हुन्नर. रेचा कोणीही चालवावा. जिनाचा मुकादम देवीदास प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचा, "कापूस ओला हाये, ओला हाये कापूस," जणू पहिलं वाक्य त्याचं आणि दुसरं मालकाचं. ती देवीदास करू लागली की खरा देवीदास दचकून मागं पाहायचा, आपण इथं उभे असताना तिथं कोण बोललं म्हणून. वस्तीच्या बौद्ध कमिटीचे अध्यक्ष धर्मपाल गुरुजी शिक्षक झाल्यापासून छापलेलं बोलत. चतुराबाईच्या म्हणण्याप्रमाणे ते घरी 'सदरहू चहात साखर टाकण्यात आलेली आहे काय' असं विचारत. गुरुजींनी असं कधी विचारलंही नसेल. पण तिनं एकदा करून दाखवल्यावर सगळ्या वस्तीला ते तसंच ऐकू यायला लागलं.

एक आवाज मात्र ती कधी काढत नसे. तो सुंदराबाईचा.

सुंदराबाई तिच्या माहेरची मैत्रीण. हिवरखेडच्या पलीकडे एका गावात दिलेली. त्या गावाचं नाव इथं येणार नाही. आलं तर गावाला वाटेल, आपण कोणीतरी आहोत. सुंदराबाईचा नवरा पटकीनं गेला होता आणि पदरात मैना नावाची एवढीशी पोरगी होती. पावसाळ्यात जिन बंद असे, तेव्हा चतुराबाई निंदणाच्या मजुरीला त्या गावी जाऊन राही, सुंदराबाईच्या चुलीवर जेवी आणि मैनीला कडेवर घेऊन गावच्या पाटलापासून कोंबड्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढून दाखवी.

गोष्ट सत्तावन्न सालच्या पोळ्याची. आदल्या वर्षी बौद्ध दीक्षा घेतल्यापासून तिथल्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. त्या पोळ्याला बैलांपुढं डफडं वाजवायलाही कोणी गेलं नाही. एवढ्यानं गावाचा पोळा नासला. बैलांना काही फरक पडला नव्हता, ते नेहमीसारखे तोरणाखालून गेले. माणसांना पडला. ऊन उतरायच्या आत, घुंगरमाळा वाजत असतानाच, गावातले बाप्ये वस्तीत शिरले. पुढं नत्थुजी. सत्तर एकर काळ्या जमिनीचा धनी. त्याच्या घशात कायमचा कफ, प्रत्येक शब्द तो 'ख्र्र' करून आधी मोकळा करायचा आणि मग बाहेर सोडायचा. वस्तीतली घरं पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, कुडाची. घासलेटाला फार कष्ट पडले नाहीत.

मैनी तेव्हा चतुराबाईच्या कडेवर होती. चतुराबाई मागच्या ज्वारीत घुसली आणि पोरगी रडेल म्हणून तिच्या तोंडावर हात दाबून बसली. सुंदराबाईला हे माहीत नव्हतं. ती पोरीला शोधायला पेटलेल्या घरात परत गेली. ज्वारीच्या ताटांच्या फटीतून दिसत होतं आणि स्वच्छ ऐकूही येत होतं, "मैने, ये मैने, कोठी हायेस वं?" पोरगी हाताखाली ओ द्यायला धडपडत होती. ज्वारीच्या धुऱ्यावर, अगदी बांधाशी, नत्थुजी खाकरत उभा होता. चतुराबाईनं हात काढला नाही. मग छप्पर खाली आलं.

पुढं खटला अकोल्याला चालला. गावानं एका तोंडानं सांगितलं, आमी बैलांकडे पाहून राहिलो होतो. अख्खं गाव त्या दिवशी बैलांची शिंगं न्याहाळत होतं. मागं घरं जळताना मान वळवायला एकालाही सवड झाली नाही, इतकी त्या गावात बैलांवर माया. चतुराबाईनं पाहिलं ते सांगितलं. वकिलानं विचारलं, ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली होती, मग दिसलं कसं. सगळे सुटले. नत्थुजी घरी जाऊन सुखानं खाकरू लागला. चार वर्षांची मैनी त्याच्या कितीतरी आधी, पोळा सरताच, चतुराबाईबरोबर अकोटाला आली होती.

आली म्हणजे चिकटून आली. पाणी भरायला गेली तरी तिच्या मुठीत चतुराबाईचा पदर, चुलीपुढं बसली तरी पदर, परसाकडे गेली तरी पदर. कापसाचा हंगाम सुरू झाला आणि रस्त्यावरून बाजाराच्या गाड्या सुरू झाल्या. बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले की मैनी जागच्या जागी लाकूड होई. रडत नसे. डोळे उघडे, हात गार, आणि गाडी वळणापार गेल्यावर मग तिला धाप लागे. झोपताना तर तिची वेगळीच तऱ्हा. ती चतुराबाईचा हात शोधायची, दोन्ही हातांनी उचलायची आणि स्वतःच्या तोंडावर ठेवून घ्यायची. मगच डोळे मिटायची. हात निघाला की जागी.

चतुराबाईला त्या हाताची शिसारी यायची. ज्वारीतला तोच हात. पहिल्यापहिल्यांदा ती तो काढून पाठीखाली घालायची. पोरगी अंधारात तो उकरून काढायची आणि परत तोंडावर ठेवायची. शेवटी चतुराबाईनं तो देऊन टाकला. दुसऱ्या कशाखाली पोरगी झोपत नव्हती, त्याला ती काय करणार.

आणि दिवसा खेळ. अंगणात पऱ्हाटीच्या काड्या रोवून मैनी घर करायची. ढेकळांची माणसं. सगळ्यात मोठं ढेकूळ म्हणजे माय, ते घरात. बाकीची ढेकळं बाहेर, भांड्यांच्या ओट्यामागं लपवलेली. मग काड्या एकेक करून मायवर पाडायच्या. सगळ्या पडल्या की पुन्हा उभ्या करायच्या, पुन्हा पाडायच्या. हसणं नाही, बोलणं नाही. जिनातल्या बाया रेच्यावर उभ्या राहतात तशी ती त्या खेळावर उभी राहायची, रोजंदारीवर असल्यासारखी.

हे सगळं पाहून शहाणे यायला लागले.

डॉक्टरांनी पोरगी आत येण्याआधीच औषध लिहायला घेतलं होतं. लाल बाटली, जेवणानंतर. चतुराबाई सांगू लागली तर 'हं हं हं' करत त्यांनी कागद तिच्या हातात दिला. बाटली संपली. मैनीचे दात तेवढे लाल झाले.

डोमाजी म्हातारा पूर्वी भगत होता. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं लिंबू, बिब्बे, मोरपीस सगळं गाठोडं बांधून विहिरीत टाकलं आणि कमिटीनं त्याला हार घातला होता. पण मैनी दिसली की म्हाताऱ्याचे हात शिवशिवायचे. तो दारात बसून उसासे टाकायचा. आधीचा काळ असता तर मी हे भेव एका अमावास्येत उतरवलं असतं, पण आता आपल्यात ते बसत नाही, म्हणून सांगतो की मी काही सांगत नाही. एवढं बोलून तो चहा पिऊन जायचा.

धर्मपाल गुरुजींचं म्हणणं आणखी सरस. भीती हा जुन्या धर्माचा अवशेष होय, असं त्यांनी चतुराबाईच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं. भुतंखेतं आपण सोडली, तेव्हा भीतीही सुटली पाहिजे. ज्या घरात अजून भीती आहे, त्या घरात दीक्षा नीट पोचलेली नाही. शिवाय बालिकेला ही पदर धरण्याची सवय लागली आहे, तर तो पदर सोडवावा, दोन दिवस रडेल आणि सुधारेल. गुरुजी वंदनेत चुकत नसत, जिल्ह्यात कुठं अन्याय झाला तर सायकल मारत जात, माणूस खोटा नव्हता. पण एवढंसं पोट्टं भुताला नाही, माणसाला भ्यालंय, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी पाठ वळवताच चतुराबाईनं मैनीकडे पाहून, छाती काढून, हनुवटी वर करून म्हटलं, "सदरहू पदर तातडीनं सोडण्यात यावा."

मैनी हसली. अकोटात आल्यापासून पहिल्यांदा.

झालं. त्या दिवसापासून चतुराबाईला वाटलं, औषध सापडलं. ती मैनीला जिनात घेऊन जाऊ लागली. सरकीच्या ढिगाऱ्यापाशी तिला बसवायची आणि काम करता करता आवाज काढायची. देवीदास दोनदा बोलला की मैनी दोनदा हसायची. डॉक्टर झाला, डोमाजी झाला, संत्र्याच्या बागेतला नवरा झाला. पदर आता हातभर लांबूनही चालू लागला. शहाण्यांची इतकी फौज जे करू शकली नाही ते आपल्या जिभेनं केलं, याचा चतुराबाईला ताठा चढला. ती स्वतः कोणाला सल्ले देत नव्हती एवढंच, बाकी घसा तिचाही खाकरायला लागला होता.

एका दुपारी रेचे दुरुस्तीला थांबले होते. बाया पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांनी मागणी केली, नत्थुजी कर. सगळ्यांनी नाव ऐकलं होतं, पाहिला कोणी नव्हता. चतुराबाईच्या मनात आलं, देवीदासाला हसतो तसं त्यालाही हसून टाकू, म्हणजे पोरीच्या डोक्यातून तो कायमचा जाईल. तिनं पदराचा फेटा बांधला. हातात काठी घेतली. पोट पुढं काढलं आणि घशात कफ आणला. 'ख्र्र.' मग डुलत डुलत दोन पावलं टाकली. "कोन बे थे ज्वारीत? ख्र्र. भायेर या."

नक्कल हुबेहूब होती. तेच चुकलं. बाया हसून लोळल्या. मैनी ढिगाऱ्यापाशी नव्हती.

सापडली ती सरकीच्या ढिगात, गळ्यापर्यंत रुतलेली. तोंडात तिनं कापूस कोंबून घेतला होता, गाल फुगेपर्यंत, आवाज निघू नये म्हणून. चतुराबाईनं बोटं घालून तो काढला. पोरगी लाकूड. फेटा सोडला, काठी फेकली, नाव घेऊन घेऊन सांगितलं, मी आहो वं, मावशी. मैनी तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. ती तिच्या गळ्याकडे पाहत होती, आत कोण बसलंय ते.

घरी गेल्यावर पदर मोकळाच राहिला. झोपताना मैनी भिंतीशी सरकली आणि तिनं स्वतःचाच हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. चतुराबाईचा हात नुसता पडून राहिला. ज्या हाताची तिला शिसारी होती तो आता कोणी मागत नव्हतं, तेव्हा तो तिला नकोसा जड झाला. तिनं नकला बंद केल्या. देवीदास निर्धास्तपणे दोनदा बोलू लागला. जिन मुकं झाल्यासारखं झालं.

आणि नेमका याच आठवड्यात मोतीराम उगवला.

मोतीराम हा मैनीचा सख्खा चुलता. अमरावतीला कुठल्याशा कचेरीत शिपाई. अकोटाहून अमरावतीला यष्टी रोज जाते आणि रोज येते, तरी पोळ्यापासून माघापर्यंत त्याला पुतणीची आठवण पोचली नव्हती. आता पोचली. त्याची बायको केशरबाई नुकतीच बाळंत झाली होती आणि पाळणा हलवायला घरात माणूस नव्हतं. रक्ताची ओढ ती हीच, अगदी वेळेवर लागते.

मोतीराम स्वतःचं असं काही बोलत नसे. त्याच्या तोंडून त्याचे साहेब बोलत. साहेब म्हनतात पोरगी रक्ताच्या माणसाजवळ पाहिजे. साहेब म्हनतात जिनात लेकरू नेनं गुन्हा हाये. साहेबांना अकोट कुठं आहे हे ठाऊक असेल की नाही देव जाणे, पण मैनीच्या बाबतीत त्यांची मतं फार पक्की होती. शेजारच्या दुर्गाबाईनं कुडाच्या फटीतून पाहिलेलंही त्याला सांगून टाकलं होतं. ही बाई पोरीचं तोंड दाबून झोपते. मोतीरामानं ते कमिटीपुढं ठेवलं. जिनं गावात तोंड दाबलं ती अजूनही दाबते, आणि उद्या पोरगी गुदमरून मेली तर कमिटी काय उत्तर देणार. शिवाय चतुराबाई नात्याची ना गोत्याची.

वस्तीचा विहार अजून बोलण्यातच होता, त्यामुळे ज्याचं प्रकरण त्याच्या अंगणात कमिटी बसायची. रविवारी दुपारी ती चतुराबाईच्या अंगणात बसली. गुरुजी खाटेवर, डोमाजी उंबऱ्याशी, मोतीराम जिलेबीचा पुडा मांडीवर घेऊन, आणि कुडामागं दुर्गाबाई, तिचा डोळा फटीला. एका कोपऱ्यात मैनी काड्या रोवत होती. मोठं ढेकूळ आत गेलं होतं.

चतुराबाईला विचारण्यात आलं, तोंड दाबते हे खरं काय. इतर वेळी तिनं गुरुजींना त्यांच्याच आवाजात परत पाठवलं असतं. आज तिला एकही आवाज सुचत नव्हता. तिनं एवढंच सांगितलं, ते थेच मागते. मोतीराम हसला. लेकरू स्वतःहून तोंड दाबून मागतं, असं साहेबांनी तरी कधी ऐकलं नव्हतं.

गुरुजींनी न्याय दिला. बालिका स्वेच्छेनं ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडे राहील. निर्णय स्वतःलाच इतका आवडला की त्यांनी तो परत एकदा म्हटला, देवीदासासारखा.

मोतीरामानं पुडा उघडला आणि जिलेबी पुढं धरून 'ये वं बाई, ये वं राणी' सुरू केलं. मैनीनं पाहिलंही नाही. जिलेबी तिच्या पायाशी ठेवली गेली. ती दुर्गाबाईच्या कोंबडीनं नेली.

मग चतुराबाईची पाळी. तिनं हात पुढं केला आणि म्हटलं, ये बाई. मैनीनं मान वर केली, तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

कमिटीला तेवढं पुरे होतं. कोणाकडेच जात नाही म्हणजे रक्ताकडे, असं गुरुजींनी सावकाश, छापून सांगितलं. मोतीराम उठला आणि त्यानं पोरीला उचलून खांद्यावर टाकलं. मैनी रडली नाही. लाकूड झाली, आणि तिचा हात तिच्या तोंडावर गेला. मोतीराम खूश. पाहा, म्हणाला, कशी शहाण्यावानी आली. यष्टी गाठायची म्हणून वहाणा शोधायला त्यानं तिला खाली ठेवलं.

खाली पाय टेकताच मैनी परत त्या काड्यांपाशी गेली. घर अजून पाडायचं राहिलं होतं. ती उकिडवी बसली, एक काडी हातात घेतली आणि थांबली. मग गळ्याकडे नाही, चतुराबाईच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "मावशी, तू माय व्हय."

या खेळात तिनं आजवर कोणालाच घेतलं नव्हतं.

माय व्हायचं म्हणजे सुंदराबाईचा आवाज काढायचा. तो चतुराबाईला येत नव्हता असं नाही. ज्वारीतून आल्यापासून तो तिच्या घशात बसलेला होता आणि त्याच्यामुळंच ती इतर सगळ्यांचे आवाज वरून ओतत होती. एकदा नत्थुजी काढला तर पोरीनं कापूस खाल्ला. आता सुंदराबाई काढली आणि चुकलं, तर अमरावतीची यष्टी उभीच होती. आणि नाही काढली, तरी उभी होती.

ती काड्यांपाशी खाली बसली. फेटा नाही, हावभाव नाही. हळू, जराशी घोगऱ्या आवाजात, शेवटचा शब्द उचलून, जसं होतं तसंच तिनं म्हटलं, "मैने, ये मैने, कोठी हायेस वं?"

डोमाजीनं उंबरा धरला. भगत असताना तो सुंदराबाईच्या गावी जायचा, तिचा आवाज त्यानं ऐकलेला होता.

मैनीचा हात तोंडावर होता. ती थरथरत होती, पण लाकूड नव्हती. चतुराबाईनं पुन्हा हाक मारली.

मैनीनं तोंडावरचा हात काढला.

"ओ माय," ती म्हणाली. आणि मग भराभर, जसं पोळ्यापासून हे पाठ करून ठेवलं होतं, "मी इथी आहो. ज्वारीत आहो. मावशीजवळ आहो. तू भायेर ये."

तिनं काड्यांत हात घालून मोठं ढेकूळ बाहेर काढलं. मग रिकामं घर पाडलं, एका फटक्यात, आणि चतुराबाईचा हात ओढून घेतला. तळहातावर ढेकूळ ठेवलं, तिची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली आणि तिच्या मांडीवर डोकं टाकलं.

मोतीरामाच्या एका पायात वहाण होती, एक हातात. त्यानं 'साहेब म्हनतात' एवढं म्हटलं आणि पुढं साहेबांना काही सुचेना. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कमिटीत असताना ते वऱ्हाडी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आता बोलले, "जाय बाप्पा मोतीराम. यष्टी सुटून जाईन तुई."

मोतीराम उरलेल्या जिलेब्या घेऊन गेला. पाळणा पुढं केशरबाईच्या भाचीनं हलवला म्हणतात.

वस्तीत अर्थातच चर्चा झाली की पोरगी बरी झाली. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. डोमाजी म्हणाला, मी सांगत होतो की मी काही सांगत नाही. बरीबिरी काही झाली नव्हती. घुंगरू वाजले की हात गार पडायचेच. झोपताना चतुराबाईचा हात परत तोंडावर आला आणि मैनी चौथीत गेली तरी लागायचा. फरक इतकाच की आता मध्येच तो बाजूला सारून ती बोलायची, गाणं म्हणायची, भांडायची, आणि मग परत ठेवून घ्यायची. काड्यांचं घर अधूनमधून व्हायचं. माय दरवेळी बाहेर निघायची. चतुराबाईच्या नकला परत सुरू झाल्या, फक्त नत्थुजी सोडून.

तो शेवटी स्वतःच आला. पासष्टच्या हंगामात कापसाच्या गाडीवर बसून अकोटच्या बाजारात. मैनी तेव्हा बारा वर्षांची, चतुराबाईचा डबा घेऊन जिनाकडे निघालेली. गाडी अडली होती. वर फेटा बांधलेला एक म्हातारा, गुडघे पोटाशी, घशात कफ. 'ख्र्र,' त्यानं केलं, पण शब्द काही सुटेना. गाडीवानानं पाण्याचा तांब्या दिला, तो त्याच्या हातातून सांडला.

जिनाच्या फाटकात चतुराबाईनं ते पाहिलं आणि धावत आली. पोरीच्या हातातला डबा वाजत होता. पण मैनी रस्ता सोडून पळाली नव्हती. मान वर करून ती म्हाताऱ्याला नीट, पायापासून फेट्यापर्यंत पाहत होती.

"मावशी," ती म्हणाली, "तू केल्ता थो लय मोठा होता वं. हा त एवढासाच हाये."

बैल चालू लागले, घुंगरू वाजले. गाडी वळणापार जाईपर्यंत तिनं चतुराबाईचा हात घट्ट धरून ठेवला. मग सोडला आणि म्हणाली, डबा थंडा होऊन राहिला, चाल.